आईचा खुबा

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. माहेर जामखेडच्या अलीकडच्या एका माळरानावरच्या गावात आणि सासर भिंगारला. नवरा तिथल्या लष्करी स्टोअरमध्ये मुलकी नोकरीला होता. एकाहत्तर साल संपत आलं होतं, ज्वारी पोटऱ्यात होती, आणि मला मुलगी झाली.

बाळाची अंघोळ आई करायची. न्हाणीत पाटावर बसून दोन्ही पाय समोर लांब सोडायचे, त्या पायांवर बाळाला पालथं घालायचं, खोबरेल जिरवायचं, मग ऊन पाण्याचा तांब्या. बाळ आधी रडायचं आणि मग तिच्या नडग्यांवरच डोळे मिटायचं. अंघोळ झाली की आई बाळाला पंच्यात गुंडाळून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तू जा हिला घिऊन, धुरी दे. मी आलेच."

पण ती लगेच यायची नाही. एकदा झबलं विसरलं म्हणून मी परत न्हाणीत गेले. आई अर्धी उठलेली होती. एका हातानं भिंतीचा दगड धरलेला, दुसरा हात मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले. मी आल्याचं तिला कळलंच नव्हतं. तिनं श्वास घेतला, अंगाला एक हिसका दिला आणि उभी राहिली. मग मला पाहिलं.

"काय झालं आई?"

"काय न्हाई गं. गुडगा."

हा गुडघा घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. चार-पाच वर्षं तो दुखत होता. निर्गुडीचा पाला बांधून झाला, तेलं झाली, एका वैदूनं बिब्ब्याचे चटके दिले होते. त्यांचे काळे ठिपके गुडघ्याभोवती अजून दिसत होते. फारच दुखलं की आई घरातल्या घरात काठी टेकायची. वडील दर शनिवारी शिंगणापूरला जाऊ शकत नव्हते, पण अमावास्येचा शनिवार आला की तेलाची बाटली घेऊन निघायचे आणि आल्यावर न बोलता आईकडे बघायचे, काही फरक पडलाय का ते. आई म्हणायची, "हाय जरा कमी." तेवढ्यावर ते समाधानानं जेवायला बसायचे.

आईची चालही थोडी वेगळी होती. उजव्या पायावर भार आला की तिचं अंग त्या बाजूला झुकायचं. पण मला कळायला लागल्यापासून ती तशीच चालत होती. आईचा आवाज असतो तशी आईची चाल असते, असंच मी धरून चालले होते. दुरून, डोक्यावर हंडा घेतलेल्या दहा बायका येत असल्या तरी त्यातली माझी आई कोणती, हे मला त्या झुकण्यावरून कळायचं. त्या चालीत काही बिघाड असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

न्हाणीतला तो चेहरा मात्र मनातून जाईना. भिंगारला परत जायची वेळ आली तेव्हा मी हट्ट धरला. बाळाला सवय होईपर्यंत तरी चल म्हणाले. खरं कारण सांगितलं असतं तर ती आली नसती.

हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता नवऱ्याला त्याच्या कचेरीतून कळला होता. फौजेतून निवृत्त झालेले सर्जन. नगरमध्ये त्यांचा छोटा दवाखाना होता आणि ऑपरेशनं ते दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात करायचे. उंच, सावळे, मिशा पांढऱ्या, बोलणं थोडकं. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी आईला बसा म्हटलं नाही.

"मावशी, दारापर्यंत जा आणि परत या."

आई गेली, परत आली. डॉक्टर तिच्या पायांकडे बघतच नव्हते, कमरेकडे बघत होते.

"दुखतं कुठं?"

"गुडगा, सायेब."

त्यांनी गुडघा पाहिला. बिब्ब्याच्या डागांवरून बोट फिरवलं, गुडघा वाकवला, सरळ केला. आई शांत होती. मग त्यांनी तिला टेबलावर उताणं निजवलं, गुडघ्याला अजिबात न दुखवता आख्खा पाय खुब्यातून वाकवला आणि हळूच आतल्या बाजूला वळवला. आई ओरडली. माझी आई. पाच बाळंतपणांत जिचा आवाज ओसरीवर आला नव्हता, ती.

डॉक्टरांनी पाय अलगद खाली ठेवला.

"मावशी, पायाच्या बोटांची नखं तुमची तुम्हाला कापता येतात?"

आई थबकली. "न्हाई. सालभर झालं. धाकटी लेक कापती."

"जोडवी सरकवता येतात? बैलगाडीत चढताना उजवा पाय आधी टाकता की डावा?"

"डावा." आई माझ्याकडे बघायला लागली. "ह्यास्नी कसं कळलं गं?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यानं उगाच चटके सोसले. दुखणं वर, खुब्यात आहे. खुब्याजवळून जी शीर जाते तिचेच धागे खाली गुडघ्यापर्यंत पोचतात. वरचं दुखणं खाली जाणवतं. पुष्कळांची अशी फसगत होते, डॉक्टरांचीसुद्धा."

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. शाळा सातवीपर्यंत झालेली. अंगाच्या आत अशा वाटा असतात, दुखणं एका जागी असून दुसऱ्याच जागी दाद मागू शकतं, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. चार-पाच वर्षं आम्ही सगळे भलत्याच दारावर थापा मारत होतो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेची काच आली. आम्ही काचच म्हणायचो, होती ती काळी फिल्म. डॉक्टरांनी ती खिडकीशी उजेडात धरली. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू परक्या माणसासमोर जायचंय, आणि पुढं वाकली.

"हा डावा खुबा. ही वाटी, हा तिच्यात बसलेला गोळा. दोहोंच्या मधली ही काळी रेघ दिसते? ती रिकामी जागा नाही. तिथं कूर्चा असते, गुळगुळीत, मऊ हाडासारखी. फोटोत ती येत नाही. तिच्यामुळं गोळा वाटीत सहज फिरतो. आता हा उजवा बघा."

उजव्या बाजूला वाटी नव्हतीच. उथळ बशी असावी तसं काहीतरी होतं. गोळा अर्धा बाहेर सरकलेला, वरून चपटा झालेला, आणि मधली काळी रेघ कुठंच नव्हती. हाडाला हाड भिडलं होतं.

"मंजी वंगान सपलं," आई म्हणाली.

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "वंगण संपलं आणि चाकही झिजलं. पण मूळ कारण ते नाही. मूळ कारण ही उथळ खोबणी. ती तुमच्या जन्मापासूनची आहे. गोळा जिथं नीट बसायचा तिथं तो कधी बसलाच नाही. सगळा भार कडेच्या एवढ्याशा जागेवर येत राहिला आणि ती जागा झिजत गेली."

"जन्मापासून?" आई म्हणाली. "पर मी तर समदं केलं की, सायेब. पानी वाहिलं, खुरपलं, मोटंवर चालले, ही पाच पोरं काढली…"

डॉक्टरांनी काच पुन्हा उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग आईकडं पाहिलं. त्या नजरेत नवल होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. शिकलेला, लढाया पाहिलेला तो माणूस माझ्या आईकडं जत्रेत मोठी मूर्ती बघावी तसा बघत होता.

कोपऱ्यात त्यांची स्वतःची काठी होती. ती त्यांनी आईच्या डाव्या हातात दिली.

"दुखतंय उजवीकडं, सायेब," आई म्हणाली.

"म्हणूनच डाव्या हातात. चला."

आई चालली. चार पावलं टाकून थांबली. काठीकडं बघितलं. पुन्हा चालली. अंग झुकत होतं, पण निम्मंच. ती दारापर्यंत गेली, परत आली, आणि काही न विचारता पुन्हा एकदा दारापर्यंत गेली.

"हे कसं काय?" तिनं विचारलं. "मी घरी उजव्या हातानंच टेकते काठी. कायबी उपेग हुत न्हाई."

डॉक्टरांनी टेबलावरची पट्टी बोटावर आडवी तोलून दाखवली. एका पायावर उभं राहिलं की अंग दुसऱ्या बाजूला कलंडायला बघतं. ते कलंडू नये म्हणून खुब्याभोवतीचे स्नायू जीव खाऊन ओढतात, आणि ती सगळी ओढ त्या गोळ्यावर दाबली जाते. तुमच्या वजनाच्या कितीतरी पट. काठी लांबच्या हातात असली की कलंडणं तीच थोपवते, स्नायूंना एवढं ओढावं लागत नाही. एवढंच. मला वाटलं, साध्या काठीत एवढी ताकद होती, आणि आम्ही ती चुकीच्या हातात देत होतो.

पण माझ्या कानात दुसराच शब्द अडकला होता. जन्मापासून. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. डॉक्टरांनीच विचारलं, "तुमच्याकडं आणखी कुणी असं चालतं?"

आई आठवायला लागली. "माझी मावशी चालायची. लई झुलायची ती."

"आणि हे बाळ मुलगी आहे?"

मी मान हलवली. त्यांनी हात धुतले, एकमेकांवर चोळून ऊबदार केले, आणि बाळाला टेबलावर घेतलं. दोन्ही गुडघे वाकवून त्यांनी पुस्तक उघडावं तशा मांड्या बाजूला उघडल्या. उजवी मांडी सहज टेबलाला टेकली. डावी मधेच अडली.

आई हळू आवाजात म्हणाली, "मालिश करताना मलाबी लागायचं ते हाताला. मला वाटलं, थंडीनं आखडती आसंल."

डॉक्टरांचं सगळं लक्ष बोटांत होतं. त्यांनी माझं बोट धरून बाळाच्या मांडीच्या मागं, खुब्याच्या उंचवट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "दाबू नका. नुसतं ठेवा." मग मांडी अगदी हळू बाहेर नेली आणि मागून किंचित वर उचलली. माझ्या बोटाखाली काहीतरी सरकलं आणि जागेवर बसलं. आवाज झाला नाही. चिंचोका ओंजळीत घरंगळावा तेवढीच हालचाल. बाळ रडलंसुद्धा नाही. ते छताकडं बघत होतं.

"आत गेला," डॉक्टर म्हणाले. "आता तो आत ठेवायचा."

आईला कळलं तेव्हा ती बाकावर बसली. "माजंच घेतलं गं पोरीनं," म्हणून रडायला लागली. डॉक्टर तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मावशी, तुम्ही आज आला नसतात तर ही चालायला लागेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. तेव्हा फार उशीर होतो. आत्ता हिला सुरीही लागणार नाही, औषधही नाही."

उपाय म्हणजे पट्टे होते. भिंगारच्या बाजारात एक शिंपी फौजेचं सामान शिवायचा, डॉक्टरांनी चित्र काढून त्याच्याकडून ते शिवून घेतले: छातीभोवती एक मऊ पट्टा, खांद्यावरून दोन, आणि पावलांना अडकवून गुडघे वर आणि बाहेर धरून ठेवणारे दोन. पट्टे घातले की माझी मुलगी थेट बेडकासारखी दिसायची. पाय सरळ करून गुंडाळायचं नाही, पायाला धरून उलटं उचलायचं नाही, पट्टे काढायचे नाहीत, एवढंच सांगणं होतं. मी विचारलं, "पण बरं कोण करणार? पट्टे?"

"तिची ती," डॉक्टर म्हणाले. "गोळा नीट आत बसला की त्याच्याभोवती खोबणी आपली आपण घडत जाते. गोळा सांगतो, हाड ऐकतं. आपण फक्त त्यांना वेगळं होऊ द्यायचं नाही."

बाळाचाही फोटो काढला होता. त्यात गोळाच नव्हता! मी घाबरले. मग त्यांनी सांगितलं की या वयात तो अजून हाड झालेला नसतो, सगळा कूर्चेचा, म्हणून फोटोत उमटत नाही. त्यांनी पेन्सिलीनं दोन रेघा मारून तो कुठं असायला हवा ते दाखवलं. काही महिन्यांनी, पट्टे सुटले तेव्हा पुन्हा फोटो काढला, तर त्या रिकाम्या जागी राजगिऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला होता. आणि ती दीड वर्षाची होऊन घरभर धावायला लागली तेव्हाच्या फोटोत गोळ्याच्या वर खोबणीचं छानपैकी छप्पर धरलं होतं. दोन्ही बाजू सारख्या. मी त्या दोन काचा उजेडात धरून किती वेळ बसले असेन. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, माझ्या मांडीवर ती झोपलेली असताना तिच्या आत कुणीतरी गवंड्यासारखं गपचूप काम करत होतं, आणि मला चाहूलही नव्हती.

त्या काळात मी दवाखान्याच्या बाकावर इतक्या वेळा बसले की नुसतं बघून-ऐकूनच पुष्कळ कळलं. कुणी कुल्ल्यामागून पोटरीपर्यंत चमक येते म्हणून खुबा धरून यायचं, आणि निघायचा कणा. कुणाला फक्त त्या कुशीवर निजलं की दुखायचं. तिथं सांधा ठणठणीत असायचा, बाहेरच्या बाजूला सूज असायची, ती शेकानं आणि विश्रांतीनं बसायची. खोल जांघेत दुखत असेल तर डॉक्टर सांध्याचा विचार करायचे. एक लहान मुलगा झोपेत किंचाळून उठायचा, त्याच्या खुब्यात क्षय होता, त्याला इंजेक्शनं आणि पाय ताणून निजवणं. एक म्हातारी ओट्यावरून पडली, पाय बाहेर वळला, खुब्याची मानच मोडलेली. प्रत्येकाचा हात एकाच जागी, आणि कारण प्रत्येकाचं निराळं. मला तो सांधा देवळाच्या गाभाऱ्यासारखा वाटायला लागला होता. बाहेरून दिसत नाही, पण सगळं त्याच्यावर उभं.

आई काठी आणि गोळ्या घेऊन गावी परतली होती. डॉक्टरांनी तिला निजून करायचे व्यायाम शिकवले होते, आणि वडील काठीच्या हाताकडं लक्ष ठेवायचे. ती चुकून उजव्या हातात गेली की ओसरीवरून ओरडायचे, "हात बदल!" पुढचं साल दुष्काळाचं. विहिरींनी तळ गाठला, गावोगाव खडी फोडायची दुष्काळी कामं निघाली. आई खडीवर गेली नाही, पण पाणी लांबून आणावं लागायचं आणि ते तिनं आणलं. पाऊस पडून त्र्याहत्तरची पिकं निघाली तोवर तिची झोप उडाली होती. बसलं तरी दुखायचं, निजलं तरी दुखायचं. या वेळी ती स्वतःहून भिंगारला आली. वडीलही बरोबर होते.

डॉक्टरांनी नवी काच पाहिली आणि आम्हा तिघांना बसवून सरळ सांगितलं, आता गोळ्यांनी भागणार नाही.

"एक उपाय असा, की सांधा कायमचा जखडून टाकायचा. हाडाला हाड सांधायचं. दुखणं जाईल, पाय मजबूत होईल, दिवसभर उभं राहता येईल."

"खाली बसता यील का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मंग न्हाई. चुलीपुढं कशी बसू? खुरपायचं कसं? परसाकडं कशी जाऊ?"

"दुसरं, हाड कापून त्याचा कोन बदलता येतो, म्हणजे भार दुसऱ्या जागेवर जातो. पण तुमचा गोळा त्याच्या पलीकडं गेलाय. तिसरं, विलायतेत आता लोखंडाचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवतात. मुंबईत सुरू होतंय म्हणतात. पण तो सांधा खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आहे. मांडी घातली की निसटायची भीती. आणि तुम्ही अजून पन्नाशीच्याही नाही, तो किती वर्षं टिकेल मला सांगता येत नाही."

"मंग राह्यलं काय?"

"गोळा काढून टाकायचा. त्याच्या जागी काही बसवायचं नाही. दुखणं जाईल. खाली बसता येईल, मांडी घालता येईल. पाय आखूड होईल, लंगडणं राहील, काठी जन्माची."

वडील उठून उभे राहिले. "हाडच काडायचं? आन् मंग ही उभी कशावर ऱ्हाईल?"

"मधल्या जागेत शरीर स्वतःच दोरखंडासारखं घट्ट काहीतरी विणून काढतं. त्यावर आणि स्नायूंवर."

वडिलांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही नाही. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "काठी हायेच की आता. काडा."

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई देऊन तिचं कमरेखालचं अंग बधिर केलं. ती जागी होती. नंतर सांगायची, "सुताराच्या सोप्यात बसल्यागत वाटत हुतं. ठोकल्याचा आवाज येतुया, करवतीचा येतुया, आन् ते आपल्याच अंगातनं येतुया, पर दुखत काय न्हाई. मी म्हनलं, देवा, हे काय बघायला लावलंस!"

दुपारी डॉक्टर बाहेर आले. नर्सच्या हातात एनॅमलचं ताट होतं, त्यावर फडकं. "बघायचंय?" त्यांनी विचारलं. वडिलांनी मान फिरवली. मी पुढं झाले.

तो गोळा गोल नव्हता. पावसाळ्यात उगवणाऱ्या आळिंब्यासारखा चपटा, कडांनी बाहेर फुटलेला. पण वरचा भाग, जिथं हाडावर हाड घासत होतं, तो भाग चकाकत होता. हस्तिदंतासारखा, आरशासारखा. उजेड त्याच्यावर पडून परतत होता. डॉक्टर म्हणाले, कूर्चा संपल्यावर हाड असं घासून घासून पॉलिश होतं. वर्षानुवर्षं. मी बोट लावून पाहिलं. इतकं गुळगुळीत काही मी त्याआधी हाताळलं नव्हतं. पाण्याच्या हंड्यांनी, जात्यानं, शेताच्या वाटेनं, आम्हा पाच जणांच्या ओझ्यानं ते घासलं गेलं होतं. माझे डोळे भरून आले, पण ते दुःखानं नाही. ज्वालामुखी किंवा समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्याला काय होत असेल ते मला त्या ताटासमोर झालं.

दुसऱ्या दिवशी आईनंही तो मागून घेतला. बशीत ठेवून तिच्यापुढं धरला. तिनं तो इकडून बघितला, तिकडून बघितला.

"हेच व्हय ते?" ती म्हणाली. "एवढ्याशावर हिंडले की मी!"

आणि परत देऊन टाकला.

पुढं कित्येक आठवडे ती पाठीवर होती. पायाला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाच्या कप्पीवरून खाली सोडलेली, तिला वाळूची पिशवी लटकवलेली, म्हणजे पाय ताणलेला राहून मधली जागा भरून यावी. वडील त्या पिशवीकडं बघत बसायचे, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आईला मात्र त्या दिवसांत झोप लागायची. नुसती झोप. दिवसा, संध्याकाळी, बोलता बोलता. वडील कुजबुजायचे, "ही मरगळली तर न्हाई ना?" नर्स म्हणाली, "आजोबा, किती वर्षांची झोप राहिलीय त्यांची. घेऊ द्या."

मग उठणं आलं. दोन नर्स, एक चौकट, पहिलं पाऊल. आई घामानं भिजली, पाय थरथरत होता, पण चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. ती वाट बघत होती. पाय टेकला की जे यायचं, त्याची. पुन्हा टेकला. पुन्हा थांबली.

"येत न्हाई," ती म्हणाली.

"काय येत नाही?" नर्सनं विचारलं.

"कळ."

वडील त्या वेळी खिडकीशी उभे होते. त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि उपरण्यानं पुसलं.

डाव्या-उजव्या पायात फरक पडला होता तो भरून काढायला चांभारानं उजव्या चपलेला जाड तळ शिवून दिला. लंगडणं पूर्वीपेक्षा जास्तच दिसायचं. गावात बायका हळहळल्या, "आगं, पहिल्यापरीस लईच लंगडती की ही!" आईला त्याचं काही नव्हतं. तिला दुखत नव्हतं. हे दुसऱ्याला दिसत नाही, आणि दाखवूनही दिसत नाही.

नंतरच्या एका थंडीत मी न कळवता माहेरी गेले. मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची, एस.टी.तून उतरल्या उतरल्या पुढं पळत सुटली होती. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, आई हरभऱ्यात आहे. बांधावर पोचले तेव्हा ती पाठमोरी होती. बाभळीच्या सावलीत दोन पायांवर खाली बसून खुरपत होती. एक ओळ झाली की डाव्या पायावर सरकायची, उजवा मागून ओढून घ्यायची, पुन्हा खुरपं. काठी शेजारी मातीत आडवी पडलेली. ती काहीतरी गुणगुणत होती. मला तिचं गाणं माहीतच नव्हतं. लहानपणापासून मी तिला कामात कधी गाताना ऐकलं नव्हतं. का ऐकलं नव्हतं, तेही मला तिथं उभी असताना पहिल्यांदा कळलं. गुडघा म्हणून बोलायला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून ती कळ दाबत होती. ज्या जागी खुब्याचा गोळा असतो तिथं तिच्या अंगात काही नव्हतं, आणि ती बसली होती, सरकत होती, गात होती. मी पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. हाक मारावीशी वाटेना.

नात तिच्या पाठीवर जाऊन पडली तेव्हा ती वळली. मला बघून हसली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"आलीस व्हय? मंग उभी काय ऱ्हायलीस तितं? ये की. आशी बस हितं, सावलीला."

आणि आधी स्वतःच जरा बाजूला सरकून तिनं मला जागा करून दिली.